कोळशाचा पंख आणि भेगा पडलेलं चिलखत : एक फेब्रुवारीला वर्गात काय शिकवायचं?



फेब्रुवारी उजाडला की शाळेत विज्ञानाचे वारे वाहू लागतात. २८ तारखेचा विज्ञान दिन डोळ्यांसमोर असतो, प्रदर्शनाची गडबड असते, आणि त्याआधी, महिन्याच्या पहिल्याच दिवशी, परिपाठात कल्पना चावलावर एक भाषण असतंच. कर्नालची मुलगी, चंदीगडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकली, अमेरिकेत गेली, १९९७ साली अंतराळात जाऊन आली, दुसऱ्यांदा गेली आणि १ फेब्रुवारी २००३ ला परत येताना 'कोलंबिया' यान नष्ट झालं. शेवटी 'स्वप्नं मोठी बघा'. टाळ्या. मीही अशी भाषणं मुलींना कितीतरी वर्षं लिहून देत आले आहे, त्यामुळे नावं ठेवायचा हक्क मला थोडा कमीच.

दोन वर्षांपूर्वी परिपाठ संपल्यावर आठवीतली एक मुलगी मागे राहिली आणि म्हणाली, "बाई, यान जळालं म्हणजे नेमकं काय जळालं? पंख कशाचा होता?" मी क्षणभरही न थांबता सांगून टाकलं, "अगं, वरच्या टाइल्स निघाल्या ना, म्हणून." घरी येऊन वाचायला बसले तेव्हा कळलं की मी चुकीचं सांगितलं होतं. टाइल्स नव्हेच. आणि खरं उत्तर इतकं आपल्या पाठ्यपुस्तकाच्या जवळचं होतं की मला लाज वाटली. नववीचा 'कार्बन : एक महत्त्वाचे मूलद्रव्य', दहावीचे 'धातुविज्ञान' आणि 'अवकाश मोहिमा', हे तिन्ही पाठ त्या एका पंखाच्या कडेवर एकत्र येतात. म्हणून हा लेख.

माझं म्हणणं आधीच सांगते. संरक्षक लेप ही गोष्ट आपण मुलांना फार सोपी करून, इतकी सोपी की खोटी करून शिकवतो. 'लेप दिल्याने हवेशी संपर्क तुटतो' असं एक वाक्य लिहिलं की दोन गुण. संपर्क कधीच पूर्ण तुटत नाही. ज्यांनी जगातले सगळ्यात अवघड लेप बनवले त्यांनी हे गृहीत धरूनच बनवले. हे मुलांना सांगायला हवं, आणि ते सांगायला कार्बनवरच्या सिरॅमिक लेपाइतकं चांगलं उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

मुळापासून बघू. कार्बन फायबर म्हणजे कार्बनचे तंतू. एक तंतू आपल्या केसाच्या साधारण दहाव्या भागाइतका जाड. मुलांना हा शब्द माहीत असतो, कारण बॅडमिंटनच्या महागड्या रॅकेटवर तो लिहिलेला असतो. पण रॅकेटमध्ये हे तंतू इपॉक्सी नावाच्या प्लॅस्टिकने एकमेकांना चिकटवलेले असतात. ते प्लॅस्टिक दीड-दोनशे अंशांच्या आसपासच मऊ पडतं. रॅकेटला चालतं, अवकाशयानाला कसं चालणार? म्हणून तिथे तंतूंच्या मधली भरणही कार्बनचीच करतात. तंतू कार्बनचे, भरण कार्बनची. याला कार्बन-कार्बन म्हणतात.

कोलंबियाच्या पंखाची पुढची कड अशा कार्बन-कार्बनच्या पॅनेलांची होती, एकेका पंखाला २२ पॅनेल. ते करायची रीत ऐकली की मला आपल्याकडची कोळशाची भट्टी आठवते. लाकूड रचायचं, वर मातीचं लिंपण करायचं, आत हवा जाऊ द्यायची नाही आणि धुमसत ठेवायचं. लाकडातलं बाकी सगळं निघून जातं, कार्बन उरतो. इथे लाकडाच्या जागी रेयॉनचं कापड होतं. त्याचा आधी कार्बन करायचा, ते फिनॉलिक रेझिनमध्ये भिजवायचं, थरावर थर ठेवून आकार द्यायचा आणि हवेशिवाय तापवायचं. रेझिनचाही कार्बन होतो, पण त्यातून वायू निघून गेल्यामुळे आत बारीक पोकळ्या राहतात. मग पुन्हा एका कार्बनी द्रवात भिजवायचं, पुन्हा तापवायचं. असं तीन वेळा. शेवटी हातात येतो तो, खोटं कशाला बोलू, एक फार सुबक, फार मजबूत कोळसा.

आता हा कोळसाच का? कारण तो वितळत नाही. ॲल्युमिनिअम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं, लोखंड १५३८ ला. कार्बन नेहमीच्या दाबाखाली वितळतच नाही. साडेतीन हजार अंशांच्याही पुढे गेल्यावर त्याची थेट वाफ होते. बहुतेक धातू तापले की मऊ पडतात, पण कार्बन-कार्बनची ताकद दोन हजार अंशांपर्यंत टिकते, उलट थोडी वाढतेच. शिवाय वजनाला हलका. यान पृथ्वीच्या वातावरणात परत शिरतं तेव्हा पंखाची पुढची कड सुमारे १६५० अंशांपर्यंत तापते. दुसरं काय वापरणार?

पण थांबा. कोळसा वितळत नाही हे खरं, जळतो की! वर्गात इथे पोचलं की मुलंच हसतात आणि म्हणतात, "बाई, कोळशाचं विमान करून आगीत घातलं?" अगदी बरोबर. हवेत चारशे-पाचशे अंशांच्या पुढे कार्बनचं ऑक्सिडीकरण सुरू होतं, त्याचा कार्बन मोनॉक्साइड आणि डायऑक्साइड होऊन तो उडून जातो. लोखंडाचा गंज निदान जागेवर तरी राहतो. कार्बनचा 'गंज' वायू असतो, मागे काही उरतच नाही. म्हणजे दोन हजार अंश सोसणारा पदार्थ पाचशे अंशांना हवेपुढे हार मानतो. सगळी गोष्ट इथून सुरू होते.

गावाकडे ज्यांचं बालपण गेलं त्यांना यावरचा उपाय माहीत आहे. आजी रात्री चुलीतले निखारे राखेत पुरून ठेवायची. सकाळी राख बाजूला केली की आत लाल निखारा जिवंत. उघडा ठेवला असता तर तासाभरात संपला असता. राख म्हणजे काय? जे जळून झालंय, आता आणखी जळूच शकत नाही असे खनिज ऑक्साइड. जे आधीच जळून गेलंय त्याचंच पांघरूण जळणाऱ्याला द्यायचं. सिरॅमिक लेपामागची कल्पना हीच. हा प्रयोग शाळेच्या मैदानात करता येतो: दोन सारखे निखारे, एक उघडा, एक राखेत, मध्ये एक तास. हाताळायचं मात्र शिक्षकांनीच, मुलांनी लांबून बघायचं.

अवकाशयानाला राख फासून चालत नाही, वाऱ्याने उडून जाईल. तिथे वापरतात सिलिकॉन कार्बाइड. हा पदार्थ तुमच्या ओळखीचा आहे. धार लावायच्या दगडात आणि काळ्या पॉलिश पेपरमध्ये तोच असतो. तो वरून रंगासारखा फासत नाहीत. तयार कार्बन-कार्बन पॅनेल सिलिकॉन, सिलिकॉन कार्बाइड आणि ॲल्युमिनाच्या पावडरीत पुरून सतराशे अंशांच्याही वर तापवतात. सिलिकॉन आत शिरतो आणि वरच्या थरातल्या कार्बनशी संयोग पावून तिथेच सिलिकॉन कार्बाइड तयार होतं. म्हणजे लेप मुळात त्या पॅनेलच्याच कातडीतून झालेला. जाडी किती? अर्धा ते एक मिलिमीटर, बस्स.

आणि हे सिलिकॉन कार्बाइड हवेत तापलं की काय होतं? तेही जळतं. पण त्याची राख वायू होऊन उडून जात नाही. त्यातल्या सिलिकॉनचा सिलिका होतो, म्हणजे काच, आणि त्या काचेचा पातळ थर वर चिकटून राहतो. त्यातून ऑक्सिजन फार म्हणजे फारच सावकाश आत जातो. म्हणजे चिलखत स्वतः थोडंसं जळून स्वतःवर काच चढवून घेतं. वर्गात मी इथे दोन मिनिटं गप्प बसते. मुलांना हे पचायला वेळ द्यावा लागतो.

(पालकांसाठी एक आडवळण. गाडीच्या शोरूममध्ये 'सिरॅमिक कोटिंग' म्हणून जे हजारो रुपये घेऊन लावतात ते हे नव्हे. त्यातही सिलिकॉनची संयुगं असतात, पण ती चमक आणि पाणी घरंगळून जाण्यासाठी. नाव सारखं म्हणून मुलं हमखास गोंधळतात.)

आता लेखाचा खरा मुद्दा. हे चिलखत पहिल्या दिवसापासून भेगाळलेलं असतं. कारखान्यातून बाहेर येतानाच.

का, ते बघा. लेप तयार होतो सतराशे अंशांना. तिथे कार्बन आणि लेप एकमेकांवर अगदी चपखल बसलेले. मग पॅनेल थंड होतं. कार्बन-कार्बन फार कमी आकुंचन पावतो, सिलिकॉन कार्बाइड त्याच्या कित्येक पट. वरच्या कातडीला लहान व्हायचंय, आतलं शरीर लहान व्हायला तयार नाही. कातडी ताणली जाते आणि फाटते. केसासारख्या बारीक भेगांचं जाळं सगळीकडे पसरतं.

तुमच्या घरी लोणच्याची जुनी चिनी मातीची बरणी असेल तर ती घ्या आणि उजेडात धरा. तिच्या चकाकीखाली बारीक रेघांचं जाळं दिसेल. तेच हे. बरणीची माती आणि वरची काच यांचं आकुंचन जुळलेलं नसतं, म्हणून काच तडकते. बरणीवर थोडी शाई चोळून पुसली तर जाळं ठळक दिसतं, वर्गात फिरवता येतं. बरणी नसेल तर स्टीलच्या ताटलीवर मातीचा पातळ थर द्या आणि उन्हात ठेवा. माती वाळताना आकसते, ताटली आकसत नाही, भेगा पडतात. सारवलेल्या अंगणाचंही तेच. प्रसरण आणि आकुंचनाचा धडा आपण रेल्वेच्या रुळांमधल्या फटीपाशी आणून संपवतो. तो इथपर्यंत का आणू नये?

यात एक गंमत आहे, ती दहावीच्या हुशार मुलांसाठी राखून ठेवा. पॅनेल पुन्हा तापलं की लेप प्रसरण पावतो आणि भेगा मिटत जातात. म्हणजे सगळ्यात जास्त तापमानाला लेप सगळ्यात घट्ट! मग धोका कुठे? मधल्या तापमानात. पाचशे अंशांच्या पुढे कार्बन जळायला लागलेला असतो आणि हजारच्या खाली भेगा अजून पुरत्या मिटलेल्या नसतात. आपली समजूत अशी की जितकी आग मोठी तितका धोका मोठा. इथे चढताना आणि उतरताना जपावं लागतं.

मग इंजिनिअरांनी काय केलं? भेगा पडूच नयेत यासाठी डोकं आपटत बसले नाहीत. भेगा पडणारच असं धरून चालले. आतल्या पोकळ्या सिलिकॉनच्या एका द्रव संयुगाने भरून तापवल्या, म्हणजे तिथे सिलिका उरली. वरून सोडियम सिलिकेटचं भरण दिलं. सोडियम सिलिकेट म्हणजे आपली वॉटर ग्लास. रासायनिक बागेचा प्रयोग ज्यांनी केलाय त्यांना ती बाटली आठवेल. हे भरण उष्णतेने मऊ पडतं आणि भेगेत पाझरून ती बुजवतं. इतर ठिकाणी बोरॉनची संयुगं वापरतात, कारण बोरॉन ऑक्साइड ४५० अंशांच्या आसपासच वितळतो, म्हणजे नेमकं जिथे कार्बन जळायला सुरुवात होते तिथेच तो मदतीला येतो. मात्र दमट हवा आणि फार जास्त उष्णता त्याला सोसत नाही, तो उडून जातो. सगळं एकाच लेपात मिळत नाही. एकावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा, प्रत्येकाची ड्यूटी वेगळ्या तापमानाला.

सिलिकालाही मर्यादा आहे. सतराशे अंशांच्या पुढे तो वितळतो. आणि हवा फार विरळ असेल तर सिलिकॉनचा घन सिलिका न होता वायुरूप मोनॉक्साइड होतो आणि काच चढतच नाही. म्हणून याहून गरम, याहून वेगवान वाहनांसाठी हाफ्निअम आणि झिर्कोनिअमची संयुगं वापरायचे प्रयत्न चालू आहेत. त्यात मी शिरत नाही, माझाही तेवढा अभ्यास नाही.

पण एक प्रसंग मात्र दहावीच्या प्रत्येक वर्गात सांगायलाच हवा. १९९२ साली कोलंबियाच्या पंखाच्या कडेवर लेपात टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं सापडली. उष्णतेने पडलेल्या भेगा नव्हत्या, वेगळंच काहीतरी होतं. शोध घेता घेता संशय पोचला जस्तावर. यान जिथे उभं असायचं त्या फ्लोरिडातल्या लाँच पॅडचा सांगाडा लोखंडी. समुद्राकाठची हवा, म्हणून त्याला गंज लागू नये यासाठी जस्त असलेला प्रायमर लावलेला. पावसाच्या पाण्याबरोबर ते जस्त ओघळून पंखावर पडत होतं आणि परतीच्या उष्णतेत लेपावर हल्ला करत होतं. आपण 'धातुविज्ञान' शिकवताना जस्त म्हणजे लोखंडाचा रक्षक असं फळ्यावर लिहितो. तोच रक्षक दोन हात अंतरावरच्या दुसऱ्या चिलखताला छिद्रं पाडत होता! 'लेप' हा शब्द एकटा शिकवून उपयोग नाही, तो कुठे, कशाशेजारी, कोणत्या हवेत, हे शिकवलं पाहिजे, यासाठी याहून चांगलं उदाहरण मला सुचवा.

आता कोलंबियाकडे परत. इथे प्रामाणिक राहायचं तर सांगावं लागेल की तो अपघात लेपाच्या बारीक भेगांमुळे किंवा त्या छिद्रांमुळे झाला नाही. १६ जानेवारी २००३ ला उड्डाण झाल्यावर ८२ व्या सेकंदाच्या सुमारास बाहेरच्या इंधन टाकीवरचा फोमचा एक तुकडा निखळला आणि डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर आदळला. वजन सुमारे ७६० ग्रॅम. थर्माकोलच्या जातीची हलकी वस्तू, ती काय करणार, असं बऱ्याच जणांना वाटलं. नववीच्या मुलांना गतिज ऊर्जा काढायला सांगा. वस्तुमान ०.७६ किलो, वेग सेकंदाला २३० मीटर धरा. वीस हजार ज्यूल येतात. वेगवान गोलंदाजाचा चेंडू, ०.१६ किलो आणि सेकंदाला ४० मीटर, म्हणजे १२८ ज्यूल. दीडशे चेंडू एकदम एकाच जागी. त्या जुलैमध्ये अमेरिकेत याची चाचणी घेतली, खऱ्या यानावर वापरलेल्या पॅनेलवर तसाच फोम मारला, आणि पॅनेलला ४० सेंटिमीटरहून मोठं भगदाड पडलं.

सिरॅमिक आणि कार्बन उष्णतेला जबरदस्त, धडकेला कमजोर. काचेचा पेला उकळता चहा सोसेल, फरशीवर पडला तर नाही. हा स्वभाव आहे, दोष नाही. पण मग त्याला धडक बसणार नाही हे बघायची जबाबदारी कोणाची?

यान कक्षेत सोळा दिवस होतं. काही इंजिनिअरांना शंका आली. पंखाचे फोटो काढून घ्या, अशी मागणी एकदा नाही, तीन वेळा झाली. ती वरपर्यंत पोचून पूर्ण झाली नाही. परतताना त्या भोकातून तापलेली हवा आत शिरली. पुढच्या कडेमागे पंखाचा सांगाडा ॲल्युमिनिअमचा, आणि तो जास्तीत जास्त पावणेदोनशे अंश सोसेल असा बेतलेला. बाहेर हजारो अंश, आत पावणेदोनशे, आणि मध्ये उभी होती ती अर्ध्या ते सव्वा सेंटिमीटरची कोळशाची भिंत. उतरायला सोळा मिनिटं उरली असताना यान तुटलं. सात जण गेले.

त्या मुलीला आता मी हे सांगितलंय. पंख पुढून कोळशाचा होता, त्यावर काच चढवणारं चिलखत होतं, आणि आत जे वितळलं ते ॲल्युमिनिअम.

यावर पालकसभेत एका वडिलांनी मला विचारलं होतं, "मॅडम, हे सगळं परीक्षेत येणार आहे का?" रास्त प्रश्न आहे, मी रागावले नाही. उत्तर असं की जसंच्या तसं येणार नाही. पण क्षरण, कल्हई, जस्तविलेपन, धनाग्रीकरण यावर प्रश्न येतातच, आणि ज्या मुलाला लेप का टिकतो आणि का तुटतो हे कळलंय त्याला त्या पाच व्याख्या पाठ कराव्या लागत नाहीत. घरातलं उदाहरण घ्या. ॲल्युमिनिअमचा कुकर घासला तरी गंजून संपत नाही, कारण त्याचा ऑक्साइड वर चिकटून बसतो. लोखंडी तवा ओला ठेवला की गंजतो, कारण त्याचा गंज सुटा, भुसभुशीत. कार्बनचा तर वायूच होतो. तिघांची राख वेगळी, म्हणून तिघांचं नशीब वेगळं. एवढं एक वाक्य पोराला जेवताना सांगा, पाठ्यपुस्तकाची तीन पानं सोपी होतात.

दुसरी शंका आपल्याच सहकाऱ्यांची. "एवढा दुःखद प्रसंग लहान मुलांना तपशिलाने कशाला? प्रेरणा द्यावी." मला हे पटत नाही. कल्पना चावला स्वतः एरोस्पेस इंजिनिअर होत्या. त्यांच्या स्मृतिदिनी त्यांच्या यानाचा पंख कशाचा होता हे एकाही मुलाला सांगता येऊ नये, आणि फुलं मात्र वाहावीत, यात त्यांचा मान कुठे राहतो? आठवीतल्या मुलांना मृत्यू कळतो. त्यांना गुळगुळीत केलेली गोष्टही कळते, आणि ती ऐकून ती आतून कंटाळतात.

शिवाय गोष्ट तिथे थांबली नाही, हेही सांगता येतं. अपघाताआधी उड्डाणानंतर ही पॅनेल मुख्यतः डोळ्यांनी बघून आणि हाताने दाबून तपासत. नंतर उष्णतेच्या कॅमेऱ्याने आतला दोष शोधायची पद्धत आली. २००५ साली पुन्हा उड्डाण झालं तेव्हा यानाच्या लांब हाताला कॅमेरे जोडून कक्षेतच पंखाची कड तपासली गेली, आणि भेगा बुजवायच्या सिरॅमिक लेपणाची चाचणीही अंतराळवीरांनी तिथेच घेतली. घरावर गळती काढायला माणूस डांबर घेऊन चढतो ना, तसंच.

आणि आपल्याकडे? इस्रोने एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केलं की पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्याच्या इंजिनासाठी तिरुअनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राने कार्बन-कार्बनचा नॉझल तयार केलाय. आधी तो भाग कोलंबियम या धातूच्या मिश्रधातूचा होता. (कोलंबियम म्हणजे नायोबिअमचं जुनं नाव. यानाच्या नावाशी गल्लत करू देऊ नका, माझ्या वर्गात झाली होती.) नव्या नॉझलने त्या भागाचं वजन सुमारे ६७ टक्क्यांनी कमी होतं आणि रॉकेटला १५ किलो जास्त सामान नेता येतं. महेंद्रगिरीला २ एप्रिलला २०० सेकंदांची चाचणी झाली, तापमान १२१६ केल्विनपर्यंत गेलं. केल्विनचं सेल्सिअस मुलांना करू द्या: ९४३. म्हणजे उघडा कार्बन नक्की जळेल असं तापमान. म्हणून त्यावर लेप दिलाय, कशाचा? सिलिकॉन कार्बाइडचा. मुलं हे उत्तर आता ओरडून देतात.

मागच्या वर्षी इथे एका मुलाने हात वर केला. "बाई, चौथा टप्पा तर अवकाशात पेटतो. तिथे हवाच नाही. मग कोळसा जळेल कसा? लेप कशाला?" मला लगेच उत्तर सुचलं नाही आणि मी तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी शोधून आणलं: इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूत पाण्याची वाफ असते, कार्बन डायऑक्साइड असतो, आणि लालबुंद कार्बन त्यांच्यातलाही ऑक्सिजन ओढून घेतो. तापलेल्या कोळशावरून वाफ सोडली की कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन मिळतो, हे आपण रसायनशास्त्रात शिकलेलो असतो. फक्त ते रॉकेटच्या शेपटीत चालू असेल हे डोक्यात येत नाही. शिवाय जमिनीवरच्या चाचण्या आहेतच.

वेळेचं विचाराल तर दोन तासिका पुरतात. पहिलीत निखारे आणि बरणी, दुसरीत पंख. साहित्याला खर्च शून्य, बरणी मात्र कोणाच्या तरी आजीची असते, ती सांभाळून परत करायची. पाचवी-सहावीला निखाऱ्यापर्यंतच जा, भेगांचं गणित नको.

या वर्षी घटक चाचणीत मी एक प्रश्न घातला: 'लोखंडी पत्र्यावर जस्ताचा थर दिला. आता पत्रा कधीच गंजणार नाही, हे विधान बरोबर की चूक, कारण लिहा.' एका मुलाने लिहिलं, "चूक. थराला ओरखडा पडू शकतो. ओरखडा पडला तरी जस्त आधी जाते म्हणून लोखंड काही दिवस वाचते. पण पत्र्याच्या शेजारी काय ठेवले आहे आणि कोणी बघायला जाते का, हे प्रश्नात दिलेले नाही." उत्तरपत्रिका तपासणाऱ्या माझ्या सहकारी बाईंनी शेवटच्या वाक्याखाली लाल रेघ मारून 'अनावश्यक' लिहिलं होतं आणि अर्धा गुण कापला होता. आमचं त्यावरून स्टाफरूममध्ये चांगलं वीस मिनिटं वाजलं. अर्धा गुण परत दिलाय. तुम्ही काय केलं असतं, ते जरूर कळवा.